पॅकेटवरचा क्रमांक कोण ठरवतो? एमपीएलएस जाळ्यांतील लेबलांचे वाटप

तालुक्याच्या गावातील बँकेच्या शाखेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने "लिंक नाही, थोड्या वेळाने या" हे वाक्य एकदा तरी ऐकलेले असते. ही लिंक कोठून कोठे जाते, ती कशाने तुटते आणि ती "आली" असे नेमके केव्हा म्हणायचे, हे काउंटरमागच्या कर्मचाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते, आणि ते त्याचे कामही नाही. कोअर बँकिंग आल्यापासून खातेदाराची नोंद शाखेतल्या संगणकात नसते. ती दूरच्या शहरातील डेटा सेंटरमध्ये असते आणि प्रत्येक व्यवहारासाठी शाखेला तेथपर्यंत निरोप पाठवून उत्तर मिळवावे लागते. हा निरोप सार्वजनिक इंटरनेटवर मोकळा सोडण्याऐवजी अनेक बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालये दूरसंचार कंपनीकडून वेगळी खासगी जोडणी घेतात. बीएसएनएलसह आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या अशी जोडणी देण्यासाठी जे तंत्र वापरतात, त्याचे नाव एमपीएलएस, म्हणजे मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग.

नाव बोजड असले तरी मूळ कल्पना लहान आहे. संगणकाच्या जाळ्यातून जाणारी माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते आणि अशा एका तुकड्याला पॅकेट म्हणतात. पॅकेट एका जोडणीवरून घेऊन दुसऱ्या जोडणीवर सोडणारे यंत्र म्हणजे राऊटर. एमपीएलएसमध्ये पॅकेट दूरसंचार कंपनीच्या जाळ्यात शिरताना त्यावर एक क्रमांक चिकटवला जातो, आणि पुढचे राऊटर पॅकेटच्या आतला पत्ता न पाहता केवळ तो क्रमांक पाहून त्याला पुढे पाठवतात. या क्रमांकालाच लेबल म्हणतात.

येथवर सारे सरळ आहे. हा क्रमांक ठरवतो कोण आणि तो इतर राऊटरना कळतो कसा, हे विचारले की खरा विषय सुरू होतो. त्याचे उत्तर पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते. ते उलटेपण एकदा पटले, की लेबलांच्या वाटपाचे बाकीचे सारे नियम त्यातूनच निघतात, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्याच प्रश्नावर खर्च करणार आहे.

पत्ता वाचणे आणि क्रमांक वाचणे

लेबल नसलेल्या साध्या जाळ्यात प्रत्येक राऊटर पॅकेटवरचा पत्ता स्वतः वाचतो आणि आपल्याजवळच्या यादीत त्याच्याशी सर्वांत जास्त जुळणारी नोंद शोधतो. आपल्या पिन कोडची रचना आठवली तर हे लवकर ध्यानात येईल. ४११०३० या क्रमांकातील पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक पुणे सांगतात आणि सहाही अंक मिळून सदाशिव पेठेच्या टपाल कार्यालयापर्यंत पोहोचवतात. यादीत "४११ ने सुरू होणारे सारे इकडे" आणि "४११०३० मात्र तिकडे" अशा दोन्ही नोंदी असतील, तर दुसरी जास्त नेमकी म्हणून ती पाळायची. राऊटरलाही हेच करावे लागते, आणि पूर्ण इंटरनेटची यादी बाळगणाऱ्या राऊटरमध्ये अशा लाखो नोंदी असतात.

लेबल वाचणे याहून सोपे असते. लेबल ३१ आले की ३१ क्रमांकाची ओळ पाहायची. जुळणीची लांबी मोजण्याचा प्रश्नच येत नाही. त्या ओळीत दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात: हे पॅकेट कोणत्या जोडणीवर सोडायचे आणि ३१ पुसून त्याजागी कोणता नवा क्रमांक घालायचा. क्रमांक प्रत्येक टप्प्यावर बदलतो, ही बाब येथे नीट लक्षात घ्यायला हवी. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यावरील खुणांचे उदाहरण या संदर्भात सुचू शकते, पण ते येथे लागू पडत नाही. डब्यावरची खूण घरापासून कार्यालयापर्यंत तीच राहते आणि वाटेतल्या सर्वांना तिचा अर्थ ठाऊक असतो. लेबलाचा अर्थ मात्र एकाच राऊटरपुरता असतो.

क्रमांक देणारा कोण?

मोठ्या देवस्थानाबाहेरचे चप्पल स्टँड डोळ्यांसमोर आणावे. आपण चपला देतो आणि तेथील माणूस आपल्या हाती पत्र्याचा बिल्ला ठेवतो. त्यावर ४२ लिहिलेले असते. हा ४२ आपण ठरवलेला नसतो, तो त्याने ठरवलेला असतो, कारण परत आल्यावर चपला शोधायच्या आहेत त्याला. त्याच्या मांडणीत ४२ म्हणजे कोणता खण हे त्यालाच माहीत असते. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या स्टँडवरही ४२ क्रमांकाचा बिल्ला असतो, त्याचा अर्थ वेगळा असतो, आणि दोन्ही स्टँडच्या मालकांनी आपसांत बोलून क्रमांक वाटून घेण्याची काहीही गरज नसते.

एमपीएलएसमध्ये अगदी हेच तत्त्व आहे: ज्याला क्रमांक वाचून काम करायचे आहे, त्यानेच तो ठरवायचा. एका राऊटरकडून पॅकेट दुसऱ्याकडे जाते तेव्हा क्रमांक वाचणारा असतो पुढचा राऊटर. म्हणून तो पुढचा राऊटर आधीच मागच्याला सांगून ठेवतो, "अमुक ठिकाणी जाणारे पॅकेट माझ्याकडे पाठवायचे असेल, तर त्यावर ३१ लिही." मागचा राऊटर ते टिपून ठेवतो आणि पॅकेट आले की सांगितल्याप्रमाणे ३१ लिहितो.

याचा परिणाम असा, की पॅकेट आणि लेबलांच्या सूचना परस्परविरुद्ध दिशांनी जातात. पॅकेट नदीच्या पाण्यासारखे उगमाकडून मुखाकडे जाते, तर क्रमांक मुखाकडून उगमाकडे कळवले जातात. हा विषय समजावून सांगताना सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो, असा माझा अनुभव आहे. लेबल पाठवणाऱ्याने चिकटवले म्हणजे ते ठरवलेही त्यानेच असणार, असे शिकणारा मनाशी धरून चालतो, आणि मग पुढचे एकही कोष्टक त्याला उलगडत नाही.

मुंबईहून नागपूरला जाणारे पॅकेट

समजण्यासाठी एक काल्पनिक जाळे घेऊ. मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे एकेक राऊटर आहे आणि ते याच क्रमाने जोडलेले आहेत. मुंबईहून पुणे आणि सोलापूर मार्गे नागपूरला जाणारी दुसरी, लांबची वाटही आहे. बँकेचे डेटा सेंटर मुंबईच्या राऊटरशी जोडलेले आहे आणि विदर्भातील एक शाखा नागपूरच्या. शाखेतून निघालेला निरोप मुंबईला पोहोचला असून आता उत्तर परत पाठवायचे आहे, म्हणजे पॅकेटला नागपूरच्या राऊटरपर्यंत जायचे आहे.

पॅकेट निघण्याच्या कितीतरी आधी क्रमांकांची तयारी झालेली असते. "माझ्यापर्यंत येणाऱ्या पॅकेटवर लेबलच ठेवू नका" असे नागपूर संभाजीनगरला कळवते. याचे कारण थोडे पुढे पाहू. संभाजीनगर आपल्याजवळचा मोकळा क्रमांक ३१ निवडते आणि नाशिकला सांगते, "नागपूरसाठी ३१." नाशिक स्वतःचा मोकळा क्रमांक २०७ निवडून मुंबईला सांगते, "नागपूरसाठी २०७."

आता पॅकेट निघते. मुंबईचा राऊटर त्यावर २०७ चिकटवतो आणि नाशिककडे सोडतो. नाशिक आपल्या कोष्टकात २०७ ची ओळ पाहते, क्रमांक पुसून ३१ घालते आणि संभाजीनगरकडे पाठवते. संभाजीनगर ३१ ची ओळ पाहते, लेबल काढून टाकते आणि पॅकेट नागपूरला देते. नाशिक आणि संभाजीनगरने पॅकेटच्या आत डोकावलेदेखील नाही. मुंबईने एकदा पत्ता पाहिला. त्यानंतर पॅकेट ज्या वाटेने गेले ती क्रमांकांच्या साखळीने आधीच बांधून ठेवलेली होती.

लेबल दिसते कसे, हेही येथेच सांगून टाकतो. ते ३२ बिटांचे, म्हणजे ४ बाइटचे असते. त्यातील २० बिट क्रमांकासाठी, ३ बिट पॅकेटची निकड सांगण्यासाठी, १ बिट "हे सर्वांत खालचे लेबल आहे का" हे सांगण्यासाठी आणि ८ बिट पॅकेटचे आयुष्य मोजण्यासाठी असतात. २० बिटांत १०,४८,५७६ क्रमांक बसतात. त्यांतील ० ते १५ हे विशेष कामांसाठी राखून ठेवलेले आहेत.

शेजाऱ्यांची ओळख आणि बोलणे

राऊटरांनी हे क्रमांक एकमेकांना कळवण्यासाठी ठरलेली भाषा हवी. अशा ठरलेल्या भाषेला प्रोटोकॉल म्हणतात. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने जानेवारी २००१ मध्ये एमपीएलएसची मूळ रचना आरएफसी ३०३१ या दस्तऐवजातून प्रसिद्ध केली. एरिक रोझेन, अरुण विश्वनाथन आणि रॉस कॅलन हे तिचे लेखक. त्याच महिन्यात लेबल डिस्ट्रिब्यूशन प्रोटोकॉल, म्हणजे एलडीपी, याचाही दस्तऐवज आला. त्याची सुधारित आवृत्ती २००७ मध्ये आरएफसी ५०३६ म्हणून निघाली आणि तीच आज पाळली जाते.

एलडीपीचे काम दोन पायऱ्यांत चालते. पहिली पायरी ओळखीची. राऊटर आपल्या प्रत्येक जोडणीवर थोड्याथोड्या सेकंदांनी "मी येथे आहे" अशी हाक देत राहतो. ही हाक विशिष्ट राऊटरला उद्देशून नसते. जोडणीच्या त्या बाजूला जो कोणी राऊटर असेल त्याच्यासाठी असते. शेजाऱ्याची हाक ठरलेल्या मुदतीत, सर्वसाधारणपणे १५ सेकंदांत, ऐकू आली नाही, तर तो त्या जोडणीवर नाही असे मानले जाते.

दुसरी पायरी बोलण्याची. ओळख पटलेले दोन राऊटर आपसांत एक पक्का संवाद उघडतात. ज्याचा पत्ता अंकाने मोठा तो पुढाकार घेतो, म्हणजे दोघांनी एकाच वेळी दार ठोठावण्याचा घोळ होत नाही. येथे पोहोचण्याची हमी असलेला मार्ग वापरला जातो, कारण हरवलेली हाक पाच सेकंदांनी पुन्हा येईल, पण "नागपूरसाठी ३१" ही सूचना एकदाच दिली जाते आणि ती हरवून चालणार नाही. या संवादातून राऊटर आधी आपले सारे पत्ते कळवतो, मग लेबले कळवतो. पत्ते कळवण्याची पायरी छोटी असली तरी महत्त्वाची आहे. मुंबईला तिच्या मार्गांच्या यादीतून "पुढचा टप्पा अमुक पत्त्यावर" इतकेच कळते. तो पत्ता नाशिकच्या राऊटरचा आहे हे तिला ठाऊक असेल, तरच नाशिकने दिलेला २०७ येथे वापरायचा हे तिला जुळवता येते.

दिलेले लेबल परतही घेता येते. नाशिकला २०७ यापुढे नागपूरसाठी वापरायचा नसेल, तर ते मुंबईला तसे कळवते, मुंबई "सोडला" असे उत्तर देते आणि मगच तो क्रमांक दुसऱ्या कामाला मोकळा होतो. चप्पल स्टँडवरचा माणूस बिल्ला हाती परत आल्याशिवाय त्या खणात दुसऱ्याच्या चपला ठेवत नाही, त्यातलाच हा प्रकार.

एक मर्यादा येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. एलडीपी मार्ग शोधत नाही. नागपूरला जाण्याची जवळची वाट नाशिकवरून आहे की पुण्यावरून, हे ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस नावाचे वेगळे मार्गशोधक प्रोटोकॉल आधीच ठरवतात. एलडीपी त्या ठरलेल्या वाटेवर फक्त क्रमांक लावते. ही दोन कामे दोन वेगळ्या हातांत आहेत, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे एक मोठा बिघाड त्यातूनच उद्भवतो.

न लागणारी लेबलेही का जपायची?

आपल्या उदाहरणात पुण्याचा राऊटरही मुंबईचा शेजारी आहे. नागपूरला जाणारी वाट पुण्यावरून नसली, तरी पुणेही मुंबईला न विचारता कळवते, "नागपूरसाठी माझ्याकडे ८८." मुंबईला आज त्याचा उपयोग नाही. पूर्वी, राऊटरांची साठवणक्षमता तुटपुंजी असताना, अशी लेबले टाकून देण्याची पद्धतही ठेवलेली होती. आज एलडीपी चालवणारे राऊटर सहसा ती जपून ठेवतात. म्हणून राऊटरात दोन याद्या असतात: सर्व शेजाऱ्यांनी सांगितलेल्या सर्व लेबलांची मोठी वही, आणि त्यांतून सध्या वापरात असलेल्यांचे छोटे कोष्टक.

ही मोठी वही कामी येते ती फायबर तुटल्यावर. रस्ता रुंदीकरणाच्या खोदकामात नाशिककडची केबल तुटली, तर मार्गशोधक प्रोटोकॉल पुण्याची वाट निवडतो, आणि मुंबईला पुण्याकडे नव्याने क्रमांक मागण्याची गरज पडत नाही. ८८ वहीत लिहिलेलाच असतो.

दुसरा एक मतभेदाचा मुद्दा असा, की आपल्याला पुढच्याकडून लेबल मिळण्याआधीच मागच्याला लेबल द्यावे का? स्वतंत्र पद्धतीत प्रत्येक राऊटर वाट न पाहता देऊन टाकतो. क्रमबद्ध पद्धतीत शेवटच्या राऊटरपासून साखळी सुरू होते आणि पुढच्याचे आल्यावरच मागच्याला दिले जाते. सिस्कोच्या राऊटरांत पहिली आणि ज्युनिपरच्या राऊटरांत दुसरी पद्धत मुळात बसवलेली असते, आणि दोन्ही एकाच जाळ्यात नांदू शकतात. मला क्रमबद्ध पद्धत अधिक शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात लेबल हाती आले याचा अर्थ पुढची साखळी पूर्ण झाली असा होतो. स्वतंत्र पद्धत वेगवान असली तरी तिच्यात तशी खात्री नसते.

नागपूरने लेबल नको का म्हटले?

लेबल लावलेले पॅकेट नागपूरला पोहोचले असते, तर तेथील राऊटरला दोनदा शोधावे लागले असते: आधी लेबल पाहून "हे माझ्यापर्यंतच होते" असे जाणायचे आणि मग आतला भाग पाहून ते कोणत्या ग्राहकाकडे द्यायचे ते ठरवायचे. पहिला शोध वाया जातो. म्हणून शेवटचा राऊटर आपल्या आधीच्याला ३ हा राखीव क्रमांक कळवतो. ३ हा पॅकेटवर कधीच लिहिला जात नाही; "लेबल काढून पाठव" एवढाच त्याचा अर्थ.

दोन बँकांचे पत्ते सारखेच असतील तर?

आता खासगी जोडणीचा खरा प्रश्न येतो. कार्यालयांतर्गत जाळ्यांसाठी १० या अंकाने सुरू होणारे पत्ते कोणीही वापरावेत अशी मोकळीक १९९६ पासून आहे, आणि या गटात सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते आहेत. साहजिकच एका बँकेच्या शाखेतील संगणकाचा जो पत्ता असतो, तोच दुसऱ्या एखाद्या विमा कंपनीच्या संगणकाचाही असू शकतो. दोघेही एकाच दूरसंचार कंपनीचे ग्राहक असतील, तर नागपूरच्या राऊटरने पॅकेट कोणाला द्यायचे?

यासाठी पॅकेटवर एकाखाली एक अशी दोन लेबले असतात. वरचे लेबल "नागपूरपर्यंत ने" असे सांगते. तेच २०७, ३१ असे बदलत जाते. खालचे लेबल नागपूरच्या राऊटरनेच ठरवलेले असते आणि ते ग्राहक कोणता हे सांगते: बँकेसाठी ५०१२, विमा कंपनीसाठी ५०१३. वाटेतले राऊटर खालच्या लेबलाला हात लावत नाहीत. नागपूरने ३ कळवून वरचे लेबल आधीच काढून घेण्यास सांगितले असल्यामुळे खालचे लेबल त्याच्या समोर थेट येते.

हे ५०१२ नागपूरने मुंबईला कळवायचे कसे? ते शेजारी नाहीत, आणि एलडीपीचे नेहमीचे बोलणे शेजाऱ्यांतच होते. म्हणून येथे बीजीपी वापरतात. इंटरनेटवर कंपन्या-कंपन्यांत मार्गांची देवाणघेवाण करणारा हाच तो प्रोटोकॉल. नागपूर मुंबईला वाटेतल्या कोणालाही न सांगता कळवते, "बँकेच्या या शाखेचे पत्ते माझ्याकडे आहेत, लेबल ५०१२." सारखे दिसणारे पत्ते गोंधळू नयेत म्हणून प्रत्येक पत्त्यापुढे ८ बाइटची एक ओळखखूण जोडली जाते. ही रचना रोझेन आणि याकोव्ह रेख्तर यांनी १९९९ मध्ये मांडली आणि २००६ मधील आरएफसी ४३६४ मध्ये ती पक्की झाली.

दिशा येथेही उलटीच आहे. वाचणारे नागपूर, म्हणून क्रमांक नागपूरचा.

या रचनेने मिळालेला लाभ फार मोठा आहे. नाशिक आणि संभाजीनगरच्या राऊटरना एकाही बँकेचा एकही पत्ता माहीत नसतो. त्यांना फक्त जाळ्यातल्या राऊटरांपर्यंत जाण्याची लेबले ठाऊक असतात. हजारो ग्राहक आले तरी मधल्या राऊटरांवरचा भार जवळजवळ वाढत नाही.

लिंक दिसते, पण काम होत नाही

हाच लाभ एका प्रसंगी उलटतो. मधल्या राऊटरना ग्राहकांचे पत्ते ठाऊक नसल्यामुळे वाटेत कोठेही वरची लेबलांची साखळी तुटली, तर लेबल हरवलेले पॅकेट पुढे कोठे न्यायचे हे त्यांना समजत नाही आणि ते टाकून दिले जाते.

नाशिककडची तुटलेली केबल जोडली गेली, असे समजू. मार्गशोधक प्रोटोकॉलला ते लगेच कळते आणि तो जवळची वाट म्हणून पुन्हा नाशिक निवडतो. एलडीपीचा संवाद मात्र अजून उघडायचा असतो, पत्ते आणि लेबले अजून यायची असतात. त्या मधल्या काळात मुंबईकडे नाशिकने दिलेले लेबलच नसते. पुण्याची चालू वाट सोडलेली असते आणि नाशिकची वाट तयार नसते. पाहणीच्या पडद्यावर सारे हिरवे दिसते, केबल जोडल्याचा निरोपही आलेला असतो, आणि शाखेत व्यवहार मात्र अडकलेला असतो. एलडीपीचा संवाद एखाद्या चुकीच्या मांडणीमुळे उघडलाच नाही, तर ही अवस्था काही सेकंदांऐवजी कितीही काळ टिकू शकते.

यावरचा उपाय २००९ मधील आरएफसी ५४४३ मध्ये सांगितला आहे, आणि तो साधा आहे. लेबलांची देवाणघेवाण पूर्ण होईपर्यंत राऊटरने ती जोडणी "फार लांबची" असल्याचे जाहीर करायचे, म्हणजे दुसरी वाट असेपर्यंत कोणी तिकडे फिरकत नाही. लेबले आली की खरे अंतर सांगायचे. हा उपाय बहुतेक राऊटरांत उपलब्ध असतो. तो लावलेला आहे की नाही, हे त्या जाळ्याची मांडणी करणाऱ्यावर अवलंबून असते. ग्राहकाला तो कधीच दिसणार नाही, तरी जोडणी विकत घेणाऱ्या संस्थेच्या तांत्रिक विभागाने तो लावला आहे का, असे विचारणे योग्यच ठरेल.

असाच आणखी एक लपलेला दोष लेबलाच्या जाडीचा. प्रत्येक लेबलाने पॅकेट ४ बाइटने वाढते, म्हणून दोन लेबलांसह १५०० बाइटचे पॅकेट १५०८ चे होते. मधली एखादी जोडणी १५०० पेक्षा मोठे पॅकेट घेत नसेल, तर छोटे निरोप जातात आणि मोठे अडकतात: लॉगिन होते, खात्याचा लांबलचक उतारा मात्र येत नाही.

काही रास्त शंका

पॅकेटवर पत्ता असताना आणखी क्रमांक कशाला, ही पहिली शंका. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, इप्सिलॉन आणि सिस्को यांसारख्या कंपन्यांनी या कल्पना पुढे आणल्या तेव्हा, मुख्य उत्तर वेग हे होते. पुढे पत्ता शोधणाऱ्या चिपाच इतक्या वेगवान झाल्या की ते कारण उरले नाही. आज लेबले टिकून आहेत ती वेगवेगळ्या ग्राहकांना वेगळे ठेवण्यासाठी आणि पॅकेटची वाट आपल्या मनाप्रमाणे आखण्यासाठी. जुन्या पुस्तकांतून अजूनही वेगाचेच कारण पहिले सांगितले जाते. ते आता बाजूला ठेवावे.

एकाच मुख्य कचेरीने साऱ्या राऊटरना क्रमांक का वाटू नयेत? मग त्या कचेरीशी संपर्क तुटला की नवा मार्ग थांबेल, आणि साडेदहा लाख क्रमांक सर्वांनी मिळून पुरवावे लागतील. प्रत्येकाने आपापले क्रमांक दिले, तर तेच क्रमांक प्रत्येक राऊटरवर पुन्हा वापरता येतात.

पॅकेट गोल गोल फिरत राहिले तर? मार्ग बदलत असतानाच्या क्षणी तसे घडू शकते. लेबलातील आयुष्याचे ८ बिट त्यासाठीच आहेत. हा आकडा जास्तीत जास्त २५५ असतो, प्रत्येक टप्प्यावर एकाने घटतो, आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते.

सर्वांत महत्त्वाची शंका सुरक्षिततेची. एमपीएलएसच्या जोडणीला खासगी म्हणतात, म्हणून तिच्यावरची माहिती कुलूपबंद असते असा समज सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे. लेबल ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवते; मजकूर सांकेतिक करत नाही. जोडणीवर जो बसला आहे त्याला मजकूर वाचता येतो, म्हणून पैशांचे आणि आरोग्याचे निरोप स्वतंत्रपणे सांकेतिक करूनच पाठवले पाहिजेत. यावर तडजोड नसावी.

वाट आपणच आखायची असेल तर

एलडीपी जवळच्या वाटेवरच लेबले लावते. नाशिकची वाट भरून वाहत असेल आणि पुण्याची रिकामी असेल, तरीही ती नाशिकच धरते. काही पॅकेट मुद्दाम पुण्यावरून न्यायची असतील, तर आरएसव्हीपी-टीई नावाचा दुसरा प्रोटोकॉल वापरतात. त्याचा दस्तऐवज डिसेंबर २००१ चा. यात मुंबई पुणे आणि सोलापूरची नावे घालून नागपूरपर्यंत विनंती पाठवते: या वाटेने इतकी क्षमता हवी. विनंती नागपूरला पोहोचली की होकार मागे फिरतो, आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक राऊटर आपले लेबल मागच्याला देत येतो. एलडीपीत लेबल न मागता मिळते, येथे मागावे लागते. देणारा मात्र पुढचाच. या पद्धतीत पर्यायी वाट आधीच बांधून ठेवता येते आणि केबल तुटल्यावर सुमारे ५० मिलिसेकंदांत तिकडे वळता येते. तिचा बोजा असा, की वाटेवरच्या प्रत्येक राऊटरला अशा प्रत्येक मार्गाची नोंद सांभाळावी लागते आणि ती वारंवार ताजी करावी लागते.

हा बोजा टाळण्यासाठी सेगमेंट राउटिंग ही पद्धत आली. तिची रचना सांगणारा आरएफसी ८४०२ जुलै २०१८ चा आहे. तिच्यात लेबले वाटण्यासाठी वेगळा प्रोटोकॉल नसतो. मार्गशोधक प्रोटोकॉलच मार्गांबरोबर क्रमांकही कळवतो. जाळ्यातल्या प्रत्येक राऊटरला एक ओळखक्रमांक ठरवून दिला जातो आणि तो एका सामाईक मूळ आकड्यात मिळवून लेबल बनते. मूळ आकडा १६००० आणि नागपूरचा ओळखक्रमांक ४ असेल, तर सगळ्या राऊटरांवर नागपूरचे लेबल १६००४ होते. मार्ग आणि लेबल एकाच हातून येत असल्यामुळे, वाट तयार पण लेबल नाही हा वर सांगितलेला बिघाडही येथे उद्भवत नाही.

म्हणजे वरच्या लेबलापुरते तरी चप्पल स्टँडचे तत्त्व येथे बाजूला पडते: क्रमांक प्रत्येक राऊटरने स्वतःच्या मर्जीने निवडलेला नसतो, तो जाळे आखणाऱ्या अभियंत्याने आधी ठरवलेला असतो, आणि दोन राऊटरना चुकून एकच ओळखक्रमांक दिला गेला तर होणारा गोंधळ टाळण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. खालच्या लेबलाचे काम मात्र पूर्वीसारखेच चालते. बँकेचे ५०१२ आजही नागपूरचा राऊटरच निवडतो आणि बीजीपीतून मुंबईला कळवतो.